पहिली शिवी

मारेगावकडच्या कापसाच्या पट्ट्यात वाढलेली प्रेरणा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. अख्ख्या जहाजावर बाई ती एकटीच. सुट्टीत घरी आली, की आई इंदूबाई तुरीच्या शेंगा सोलता सोलता एकच विचारते, "तुले कोनी वाकडंतिकडं तर बोलत नाही ना?"

या वेळीही तिने तेच विचारलं आणि प्रेरणाला इंजिनरूम आठवली. सुरुवातीला ती जिना उतरली, की गड्यांच्या शिव्या गपकन थांबत, जणू हेडमास्तरीणच आली. जो तो 'मॅडम, मॅडम' करी आणि तिच्या हातचा पाना काढून घेई. मग एकदा ती तेलाची बादली वाटेतच विसरली. पाय अडकून म्हातारा फिटर पडता पडता वाचला आणि त्याने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिने माफी मागितली, बादली उचलली. दुसऱ्या दिवसापासून कुणी तिचा पाना हिसकावला नाही.

"बोलतात ना," ती म्हणाली. "चुकलं का शिव्याबी देतात."

इंदूबाईने पुढची शेंग सोलायला घेतली.

"मंग बरं हाय. नवी सूनबी पाहुनी असते तोवरच तिले कोनी बोलत नाही."