साहेबांचा हत्ती लसूण

विषय : साहेबांनी सांभाळायला दिलेला हत्ती लसूण सांभाळता न आल्याबाबत.
संदर्भ : साहेबांचा तोंडी हुकूम आणि माझा पुण्याला बदली मिळण्याबाबतचा अर्ज.

उपरोक्त विषयी निवेदन करतो की… पण आधी चहा प्या. हे सांगायला लागलो की माझा अजूनही गार होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा जयपूरला लष्कराच्या एका कचेरीत मुलकी कारकून होतो. मालवीय नगरात घर, घरामागे खाटेएवढी बाग. आमच्या सौभाग्यवतींचा जीव पुण्यात. घरात पडदे नव्हते, कारण ते ‘पुण्याला गेल्यावर’ घ्यायचे होते. त्यात आमची मंजू इथेच वाढलेली. ‘आई, मी पाणी पिऊन घेतली,’ असं ती म्हणाली की सौ. माझ्याकडे बघायची, जणू ते वाक्य मी मंजूर करून खाली सही केली होती.

बदलीचा अर्ज कर्नलसाहेबांच्या शिफारशीवर अडला होता. साहेब साताऱ्याकडचे, कुटुंब पुण्यात, इथे एकटेच. कमी बोलायचे. ओरडणाऱ्या साहेबाची सवय होते हो, कमी बोलणाऱ्याची कधीच होत नाही.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर कागदाची पुडी होती.

“परचुरे, घरी बाग आहे ना?”

“आहे सर. म्हणजे, माती आहे.”

“हा हत्ती लसूण. डोंगरातल्या पोस्टिंगवर एका बागवाल्यानं दिला होता. मेसच्या माळ्यानं पाणी घालून घालून कुजवला. एवढ्याच पाकळ्या वाचल्यात. आधी काही दिवस फ्रिजमध्ये ठेवा, त्याला थंडी लागते. मग लावा.”

“हो सर.”

“आणि तुमचा अर्ज बघतो मी. लसूण निघू दे.”

ही दोन वाक्यं त्यांनी एका श्वासात उच्चारली. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला कळतं, अशी वाक्यं शेजारी शेजारी उगाच बसत नाहीत.

पुडी घरी आणली. पाकळ्या केवढ्या म्हणाल तर मंजूच्या मुठीत एक मावेना.

“दुधाशेजारी लसूण?” सौ. म्हणाली. “साहेबांना फ्रिज नाही का?”

“अगं, हुकूम आहे.”

“त्यांचा कचेरीत. फ्रिज माझा आहे.”

पाकळ्या थंडी न लागताच मातीत गेल्या. साहेबांनी विचारलं, “फ्रिजमध्ये ठेवला होता?” मी म्हणालो, “हो सर.” त्या दिवसापासून माझं खोटं लसणाबरोबरच वाढत गेलं.

साहेब येता-जाता विचारायचे, “कसा आहे?” मी दवाखान्यातल्या नातेवाइकासारखा सांगायचो, “आराम आहे सर.” पानं खरोखरच तलवारीसारखी रुंद झाली होती. उन्हाळा लागला, पानं पिवळी पडली. मी खुरपं घातलं.

बाहेर आला तो एक गुळगुळीत, गोल, पांढरा गड्डा. पाकळी म्हणून एक नाही. दुसरा काढला. तोही तसाच. सगळे तसेच. मुळांना तपकिरी खड्यांसारखं काहीतरी चिकटलं होतं, ते मी झटकून भिंतीकडे फेकलं.

भिंतीपलीकडून शेजारच्या माथुरजींनी डोकावलं. “परचुरेजी, बढ़िया प्याज़ निकला है।”

“लसूण है,” मी म्हणालो. 

“भाईसाहब, उमर हो गई प्याज़ खाते-खाते।”

आता तुम्ही हसाल. पण थंडी न मिळाल्यामुळे लसणाचा कांदा झाला, यावर माझा पूर्ण विश्वास बसला. कचेरीत याहून विचित्र रूपांतरं मी कागदावर पाहिली होती. साहेबांना हे दाखवायचं म्हणजे ‘हो सर’ खोटं होतं, हेही दाखवायचं. मी ते गड्डे स्वयंपाकघरातल्या कांद्याच्या टोपलीत, तळाशी सरकवले. सौ.ला सांगितलं, साहेबांचा लसूण बिघडला, हे कांदे निघालेत, बाहेर बोलू नकोस. साहेबांना सांगितलं, “अजून जमिनीत आहे सर.”

“अजून?” साहेब म्हणाले. एवढंच.

मग आषाढ आला आणि कांदेनवमी आली. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद, त्यामुळे नवमीला घरातला होता नव्हता तेवढा संपवायचा. भजी, थालीपीठ, भरीत.

“साहेबांना जेवायला बोलवा,” सौ. म्हणाली. “एकटे असतात. घरचं खातील, अर्जाची आठवण होईल.”

मला कल्पना फार आवडली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या अपघातांची सुरुवात कल्पना आवडण्यापासून झाली आहे.

नवमीला सौ. विळीवर बसली होती. “अहो, या कांद्याला पापुद्रेच नाहीत. आतून बटाट्यासारखा घट्ट.”

“जयपूरची माती,” मी म्हणालो.

“डोळ्यांत पाणीही येत नाही.”

“बरंच की.”

“वास लसणासारखा येतोय.”

“टोपलीत शेजारी लसूण असतो ना आपला. लागला असेल.”

माणूस घाबरला की त्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सुचतं, फक्त खरं सोडून.

साहेब आले. मांडी घालून जेवायला बसले. भजी खाल्ली, पुन्हा मागितली. कचेरीत कधी न पाहिलेलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

“वहिनी, पुण्यात असल्यासारखं वाटलं.”

सौ.ने माझ्याकडे विजयी नजर टाकली. मला पुणे स्टेशनवर उतरल्यासारखं वाटायला लागलं.

“परचुरे, तो लसूण आता काढा हं,” साहेब थालीपीठ मोडत म्हणाले. “पावसात कुजेल. आणि एक सांगायचं राहिलं. पहिल्या वर्षी कधीकधी त्याला पाकळ्या धरत नाहीत. नुसता गोल गड्डा येतो, थेट कांद्यासारखा. घाबरू नका. तोच गड्डा जपून ठेवायचा आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा लावायचा. मग पुढच्या वर्षी खरा लसूण.”

माझा घास जिथे होता तिथेच राहिला. सौ.चा वाढता हात हवेत थांबला. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, फक्त मंजू गप्प राहू दे.

“काका,” मंजू म्हणाली, “मतलब, हे तेच आहे ना? हे प्याज बाबांनी बागेतूनच निकाललं.”

साहेबांनी ताटाकडे पाहिलं. भज्याकडे, भरिताकडे, हातातल्या थालीपिठाकडे. मग माझ्याकडे. 

“किती शिल्लक आहे, परचुरे?”

“सर, कांदेनवमी आहे. शिल्लक ठेवत नाहीत.”

साहेबांनी हातातला घास खाल्ला. सावकाश, मन लावून. “मीठ बेताचं आहे, वहिनी,” म्हणाले, हात धुतले, आणि जीपमध्ये बसून गेले.

यानंतरचे महिने मी कसे काढले, विचारू नका. साहेब माझ्याकडे न बघताच फायलींवर सह्या करायचे. घंटी वाजली की माझ्या हातून टाचणी पडायची. अर्ज मागे घ्यावा, असंही वाटून गेलं, पण तेवढ्यासाठी दुसरा अर्ज त्यांच्याकडेच द्यावा लागणार होता.

थंडीत एक दिवस सौ.ने मला भिंतीकडे नेलं. मी झटकून फेकलेल्या त्या तपकिरी खड्यांना कोंब आले होते. मी धावत कचेरीत जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी प्रथमच मान वर केली.

“उत्तम. ते त्या लसणाचंच बी. त्यांचे गड्डे होतील, ते पुन्हा लावा, मग पाकळ्या येतील. एकदोन वर्षं जातील.” आणि माझ्या अर्जावर त्यांनी माझ्यादेखत लिहिलं : ‘संबंधित कर्मचाऱ्याकडील साहित्य पूर्ण स्वरूपात परत मिळाल्यावर विचार व्हावा.’

मी गड्डे काढले, जपले, पुन्हा लावले. या वेळी सौ.ने दूध बाहेर ठेवलं आणि गड्डे फ्रिजमध्ये. पाकळ्या धरल्या तो लसूण घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेलो, तर तिथे नवे साहेब बसले होते. जुन्या साहेबांची बदली झाली होती. पुण्याला.

नवे साहेब लसूण खात नसत.

मी जयपूरलाच निवृत्त झालो. पडदे अजून घेतलेले नाहीत. सदर लसूण दरवर्षी लावला जातो, पूर्ण स्वरूपात निघतो आणि माझ्या ताब्यात आहे. तो कोणाकडे जमा करावा याबाबत आदेश नाहीत. अर्ज प्रलंबित आहे.