पाचवा क्रूस

चर्चच्या मागच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून, इस्त्रीवाल्या मावशींचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांब टेबल, त्यावर जळक्या डागांची घोंगडी, दोन इस्त्र्या आणि मावशींची जीभ. तिघींत जास्त गरम कोण, यावर गिऱ्हाइकांचं अजून एकमत झालेलं नाही.

वेदीची वस्त्रं सव्वीस वर्षं त्याच धुतात. कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी वेदीच्या कापडावर मेणाचे डाग दिसले, मिस्सेच्या प्रार्थनेत त्यांचं लक्षच लागेना, आणि सोमवारी त्या ते कापड उचलून घेऊनच गेल्या. मेण नखाने खरवडायचं, मग खाली-वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची. ज्या छोट्या रुमालावर पवित्र भाकर ठेवतात, त्याचं पहिलं पाणी मोरीत नाही, झाडाच्या बुंध्याशी ओतायचं. यात एकदाही खंड पडलेला नाही.

पण लोकांना वेदी म्हणजे काय वाटतं, हे देवच जाणे! शनिवारी मावशी कापड बदलायला गेल्या की वेदीवर माइकच्या वायरीचं भेंडोळं, गाण्याच्या वह्या, कुणाचा तरी चष्मा. एकदा तर हेल्मेट होतं.

"टेबल दिसलं की ठेवलं!" मावशी रिकाम्या चर्चमध्ये ओरडायच्या. "अरे, इथे प्रभू स्वतःला देतो. तुमचं सामान ठेवायला बाहेर बाक आहेत की!"

नव्या फादरांमागे त्यांनी सहा महिने भुणभुण लावली होती. वेदीवर मेणबत्त्या आणि मिस्सेचं पुस्तक, बाकी काही नको. उद्या वेदीला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून आज फादरांनी शेवटी ऐकलं. वह्या गेल्या, वायर गेली. आणि मावशी "अहो, ते राहू द्या" म्हणेपर्यंत मधोमध असलेला पुस्तकाचा जड लाकडी स्टँडही त्यांनी उचलून बाजूला ठेवला.

खाली कापडावर पेन्सिलीची फिकट खूण होती. नुसती खूण.

"मावशी, चार कोपऱ्यांत चार क्रूस आहेत. मधला कुठे गेला?"

"राहिलाय."

"पाच हवेत ना? प्रभूच्या पाच जखमांचे."

"मला शिकवता होय फादर? तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून मी..." मावशी थांबल्या. "ज्या बाईने भरतकाम केलं, तिने अर्धवट टाकलं."

ती बाई म्हणजे मावशींची धाकटी जाऊ. दोन वर्षांपूर्वी ती दुपारची चर्चमध्ये आली आणि हातातली कापडी पिशवी सरळ वेदीवर ठेवून उभी राहिली. मावशी मागून मेणबत्त्या घेऊन येत होत्या. "हा काय तुझा ओटा आहे? उचल आधी!" गाण्याच्या सरावाला आलेली दहा-बारा माणसं वळून बघायला लागली. धाकटीने पिशवी उचलली आणि गेली, ती पुन्हा चर्चमध्ये आलीच नाही. मावशींनी पेन्सिलीच्या खुणेवर स्टँड ठेवला. दोन वर्षं दुसऱ्या कुणाला तो हलवू दिला नाही.

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ," फादर म्हणाले.

"टाका वेगळा पडेल."

"तर त्यांनाच बोलवा."

"मी? चूक तिची, आणि बोलवू मी?"

फादरांनी कपाळ चोळलं. "मावशी, वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. हे काही मी काढलेलं नाही. ज्याने सांगितलं, त्याचीच ही वेदी आहे."

"भावाबद्दल आहे ते, जावेबद्दल नाही," असं मावशींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चर्चमध्ये उभं राहून एवढं खोटं बोलवेना. त्यांनी कापडाची घडी केली, काखेत मारली आणि चरफडत निघाल्या.

धाकटी खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होती. आतून दिरांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"मोठ्या जाऊबाई. वाट चुकल्यात."

"वाट कशाला चुकेन? पाचवा क्रूस राहिलाय. उद्या हवाय."

"दोन वर्षं चालला की त्याच्याशिवाय."

"झाकला होता मी."

धाकटी हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "बरोबर. झाकण्यात तुमचा हात कोण धरणार!"

"ए, तू पिशवी ठेवली होतीस वेदीवर! भाजीची पिशवी!"

"भाजीची?" धाकटीने सुई टोचून ठेवली. "ह्यांचा रिपोर्ट होता त्यात. ऑपरेशन करावं लागेल म्हणून सांगितलं होतं त्या सकाळी. घरात कुणाला बोलायचा धीर होईना. वाटलं, आधी तिथे ठेवावा. दुसरं काय होतं माझ्याकडे ठेवायला?"

ऑपरेशन मावशींना ठाऊक होतं, तीन रात्री दवाखान्यात त्यांनीच काढल्या होत्या. ती पिशवी मात्र त्यांनी कधी उघडून पाहिली नव्हती, विचारलंही नव्हतं.

"मग सांगायचं नाही का? तोंड शिवलं होतं का?"

"ओटा म्हणालात ना, दहा माणसांत."

मावशी खुर्चीत बसल्या. सव्वीस वर्षं लोकांना सांगत आल्या होत्या, इथे प्रभू स्वतःला देतो. आणि एक बाई आपलं सगळं घेऊन तिथे आली, तर त्यांनी तिला दुकानातल्या गिऱ्हाइकासारखं हाकललं होतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. मग स्वतःवरच वैतागून, "आता पुन्हा म्हणायला लावू नकोस."

"एकदाच ऐकू आलं, तेवढं पुरे. द्या ते कापड. आणि उजेडातून बाजूला व्हा, जाऊबाई, भिंतीसारख्या उभ्या राहू नका."

"बसलेय मी!"

"मग बसलेल्या भिंतीसारख्या बसू नका."

दोन तास लागले. मावशींनी तेवढ्यात तीनदा "वाकडा होतोय" म्हटलं आणि तीनदा "तुम्ही करा मग" ऐकून घेतलं. संध्याकाळी दोघींनी दोन टोकं धरून कापड वेदीवर पसरलं. मावशींनी तळव्याने सुरकुती काढली. लाल क्रूस बरोब्बर मधोमध बसला होता, जरासा डावीकडे कललेला. तसं बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

धाकटीने दोऱ्यांची पिशवी काखेत धरली होती. "कुठे ठेवू ही?" तिने मुद्दामच विचारलं.

मावशींनी वेदीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाहेर बाक आहे," त्या म्हणाल्या. "ते दोरे आहेत. पण पुन्हा रिपोर्ट आला ना, तर थेट इथे आण. आणि मला हाक मार. दुसरं टोक मी धरते."