चाऊसचाचांचा यमन

चाऊसचाचांना गाव विचारलं, की ते तीन हजार वर्षं मागं जायचे. निजामाच्या अमलात घाटनांदूरच्या कचेरीवर पहारा करणारे हे अरब. कमरेला जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर, डोळे कायम दूर कुठंतरी. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर. पहिल्या भेटीत ते म्हणाले, "आमी यमनचे." गाण्याचे दोन धडे घेतलेल्या मी लगेच यमन रागाची आलापी सुरू केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. "मास्तर, आमचा मुल्क हाय तो. तिथं एवढं कुणी रडत न्हाई."

संध्याकाळी ते लोबान जाळायचे आणि त्या धुरात मुल्क उभा राहायचा. "साऱ्या जगाच्या देवळांना धूर आमीच इकला," म्हणत ते तिथल्या जुन्या सबा राज्याच्या राणीपासून निघायचे. मग मोठं धरण, त्याखालच्या बागा, धरण फुटून पांगलेली माणसं, पैगंबरांचा निरोप, तुर्क, एडनला येऊन बसलेला इंग्रज. "धरण कशानं फुटलं? उंदरानं! राज्य लई मोठं असलं तरी उंदरावर नजर ठिवावी." हे ते कचेरीकडं बघत म्हणायचे.

त्यांचा तरणा मुलगा सलीम इथंच जन्मला, आईही इथलीच. वाचता यायचं ते मराठी. तो यमनला चुलत्याकडं निघाला, तेव्हा चाचा माझ्या दारात आले. "भाईर जन्मलेल्याला तिकडं मुवल्लद म्हणत्यात. मुल्काची कथा आली न्हाई, तर भाऊ त्याला पाव्हणा म्हणून जेवू घालील, घरचा म्हणून न्हाई. तुमी लिवून द्या, तो पाठ करील."

मी पडलो हौशी लेखक. पांगलेल्या माणसांना उंटांऐवजी बैलगाड्यांत बसवलं, धरणाखाली ज्वारी पेरली, वर हुरडाही खाऊ घातला. सलीमनं घडाघडा म्हणून दाखवलं. चाचा डोळे मिटून ऐकत होते. मी जंबियाकडं बघत दाराकडं सरकलो.

"कावून पळता, मास्तर? उंट कुठं गेले बे आमचे?" पण बोट सुटायला चारच दिवस उरले होते. सलीम तसाच गेला.

कित्येक महिन्यांनी भावाचं पत्र आलं. चाचांनी मला अर्थ सांगत वाचलं : 'पोराचं अंथरूण आपल्या आईच्या शेजारी घातलं आहे. मोडक्या अरबीत रोज कथा सांगतो, सगळं घर ऐकतं. बैलगाडी म्हणजे काय, तेवढं कळव.'

चाचा उत्तर लिहायला बसले. बोरू शाईत बुडवला आणि माझ्याकडं वळले.

"मास्तर, हिला अरबीत काय म्हणत्यात, आठवंना."

मग त्यांनी कागदावर गाडी काढली, बैल काढले आणि शिंगं रंगवायला माझ्याकडं लाल शाई मागितली.