आबांच्या डाळिंबाचा रंग

न्हावऱ्याच्या मंडळींनो आन् यवतकडच्या पाव्हण्यांनो, जरा वाचा.

आज सकाळी आईनं परसातल्या झाडाचं पहिलं डाळिंब फोडलं. आत दाणे पांढरट निघाले.

आबा, म्हंजी माझे वडील, गेले आन् आम्ही उसासाठी डाळिंबाची बाग जेसीबीनं काढली. त्या बागेत त्यांनी हेरलेलं एक झाड होतं. उन्हाळ्यात बाकीच्या झाडांची फळं फिकी पडायची, ह्याची लालभडक राहायची. आईनं त्याचं शेवटचं फळ ठेवून घेतलं आन् बी परसात लावलं. रोप वाढलं तवा आम्हाला वाटलं, आबांचं झाड परत आलं.

भाची कृषी कॉलेजला शिकते. तिला फोटो पाठवला. ती म्हणाली, "मामा, फळात रंग कधी आणि किती तयार करायचा, हे झाडाचे जीन्स, म्हणजे जनुकं, ठरवतात. बियात त्यांची सरमिसळ होते, मग रंगही बदलतो. जुन्या झाडाच्या फांदीची साल सोलून, तिथं मुळं फुटायला गुटी बांधली असती, तर तेच झाड आलं असतं."

ती फांदी आता कुठून आणू? सगळ्या फांद्या आम्ही बांधावर पेटवून दिल्या.

आईनं ते फोडलेलं फळ ताटलीखाली झाकून ठेवलंय. खात न्हाई, टाकूनबी देत न्हाई.

आबा त्या झाडाची गुटी कुणालाच देत नव्हते. मागायला आलेल्याला चहा पाजून परत पाठवायचे. तरी विचारतो. तुमच्यापैकी कुणी तवा चोरून नेली होती का? नेली असंल तर सांगा. भांडणार न्हाई, पाया पडीन.