संघाचा निरोप

चिमणाबाईंना मी कधी टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं. चर्चमध्ये त्या शेवटच्या बाकाच्या टोकाला, दाराच्या बाजूला, अर्धं बूड बाकावर आणि अर्धं हवेत ठेवून बसत. एका पायात चप्पल असेच. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली की मोकळा पाय दुसरी चप्पल शोधायला लागे, आणि 'आमेन' होईपर्यंत बाई पायरीवर. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना मला हे कसं दिसलं, असं कुणी विचारेल. मी पेटी वाजवते. पुढचं गाणं कधी उचलायचं ते कळायला पेटीवालीला एक डोळा उघडा ठेवावाच लागतो.

"मावशी, देवाच्या घरात तरी घटकाभर टेका की," मी एकदा म्हटलं.

"मिशनच्या बोर्डिंगात बसवून बसवून मडमेनं माजं जल्माचं बसणं संपवून टाकलंय," त्या म्हणाल्या. "आता बसलो की मेलोच समज."

आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःविषयी अशाच बोलतात, आलो, गेलो, बसलो. त्यांच्या बोलण्यातलं मरण मात्र मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

चिमणाबाईंचं काम निरोपाचं. आमचा भगिनी संघ म्हणजे कोल्हापुरातल्या आणि भोवतालच्या खेड्यांतल्या चर्चच्या बायकांचा संघ. गावोगावी लहान लहान मंडळं, आणि महिन्यातून एका गुरुवारी सगळ्यांची मोठी सभा शहरातल्या चर्चमध्ये. एका मिशनरी मडमेनं तो सुरू केला. ती छकड्यात बसून गावं फिरायची, आणि छकड्याच्या पुढं चालत जाऊन "मडम येतीया, जमा व्हा" असं ओरडायचं काम चिमणाबाईंच्या आईचं. पुढं मडमा आपल्या देशी गेल्या, छकडा मोडला, आणि मागं राहिलेल्या बंगल्यांवरून पुरुषांच्या कमिट्या एकमेकांच्या उरावर बसल्या. बायकांकडे भांडायला बंगलाच नव्हता, म्हणून आमचा संघ टिकला. आईमागं ओरडायचं काम चिमणाबाईंकडं आलं. नव्वद सालानंतर मी पेटीवर बसायला लागले, तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या आणि कुठंही टेकायला तयार नव्हत्या.

पत्र टाकलं तर ते सभा उरकल्यावर पोचायचं. चिमणाबाई आधी पोचायच्या. हातकणंगल्याला पॅसेंजरनं, मलकापूरला रत्नागिरीच्या एस.टी.नं, नेसरीला गडहिंग्लजला गाडी बदलून. "पावणं, सरका की जरा" म्हणत आत घुसायचं आणि जागा मिळाली तरी उभंच राहायचं. गावात गेलं की एकेका अंगणात पदर खोचून आमच्या ख्रिस्ती रीतीचा नमस्कार आणि हाक, "सलाम! संघाचा निरोप हाय!" मग वार, वेळ, आणि जेवण असेल तर "येताना ताट-वाटी आना." पाणी उभ्यानं प्यायचं आणि पुढचं अंगण गाठायचं.

नुसता निरोप द्यायच्या नाहीत, घेऊनही यायच्या. कुणाची सून पोटुशी आहे, कुणाच्या घरी चूल पेटत नाही, कुणी नवऱ्याच्या मारामुळं तोंड लपवून बसलीय, हे सगळं त्यांना उभ्या उभ्या दिसायचं. सभेत प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या की निम्म्या त्यांच्याच असत. मलकापुरात एका पोरीचं पहिलं मूल गेलं, ते तिच्या माहेरी कळायच्या आत आम्हाला कळलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी संघाच्या बायका भाकऱ्यांची दुरडी घेऊन तिच्या दारात होत्या. संघाचा इतिहास कुणी विचारला की आमच्या कमिटीवाल्या अध्यक्षांची नावं घडाघडा सांगतात. मला ती दुरडी आठवते.

चिमणाबाईंचा एक कायदा होता. एकदा पाळकसाहेब आजारी पडले म्हणून कमिटीनं सभा पुढं ढकलली आणि तसं कळवून या, असं त्यांना सांगितलं. बाईंनी कानावर हात ठेवले. "दिलेला निरोप माघारी घेत न्हाईत. तोंडातनं गेला, तो गेला. लोकास्नी काय सांगू, मागचं खोटं हुतं?" सभा घ्यावी लागली. प्रवचन हातकणंगल्याच्या एका म्हातारीनं केलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी कुणाला डुलकी लागली नाही.

मग फोन आले. आधी किराणा दुकानांत, मग पाळकांच्या घरी, मग पोरांच्या खिशात. दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात आमच्या सेक्रेटरी इरावतीबाईंनी कमिटीत विषय काढला. इरावतीबाई हायस्कुलात शिकवत, शुद्ध बोलत, आणि मनानं वाईट नव्हत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. चिमणाबाईंची सत्तरी उलटली, परवा एस.टी.तून उतरताना पाय घसरला, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? फोन केला की झालं. त्यांचा मुलगा बाळासोही "आईला आता बसवा" म्हणून मागं लागला होता.

माझं डोकं फिरलं. "फोन अंगणात उभा राहतो का?" मी म्हटलं. "सुनेचा सुजलेला डोळा फोनला दिसतो का? तसंही सभेला तीसेक बायका येतात. ही बाई थांबली की त्याही थांबतील. आणि ती बसली, तर उठायची नाही. उठेल, असं मला लिहून द्या."

कुणी लिहून दिलं नाही. शाल द्यायची आणि निरोप समारंभ करायचा, असं ठरलं. आमच्यात नारळ देत नाहीत, पण काम नारळ देण्याचंच होतं.

हे चिमणाबाईंना सांगायचं कुणी? इरावतीबाईंनी ते स्वतःवर घेतलं, आणि तिथंच घोळ झाला. गोड बोलून सांगावं, असं त्यांच्या मनात. त्यांनी चिमणाबाईंना चर्चच्या दारात गाठलं. मी आत पेटीला खोळ घालत होते.

"मावशी, पुढच्या गुरुवारी, दोन वाजता, इथं निरोप आहे बरं का."

'निरोप' म्हटल्यावर बाईंची दुसरी चप्पल पायात. "व्हय? कुणाचा?"

इरावतीबाईंना 'तुमचा' म्हणवेना. त्या घुटमळल्या. "आता... संघाकडूनच आहे."

"मग सगळ्यास्नी सांगाय पायजे."

"हो, सगळे असतीलच. पण मावशी, ऐका तरी..."

ऐकायला पायरीवर कोणी नव्हतं. कुणी ध चा मा केला नाही. शब्दच दोन तोंडांचा, आणि बाई एका पायावर उभी.

मी धावत बाहेर आले आणि इरावतीबाईंना म्हटलं, "त्यांना कळलेलं नाही." त्या रडवेल्या झाल्या होत्या. "मला वाटतं, कळलं असावं," म्हणाल्या. माणसाला जे सोयीचं, ते वाटतं. गुरुवारपर्यंत मावशी गावोगाव, माझी त्यांच्याशी गाठच पडली नाही.

पुढचं मला नेसरीच्या झुंबरबाईंनी नंतर सांगितलं. त्या नेसरीच्या मंडळाच्या म्होरक्या, वय ऐंशीच्या घरात, आवाज मात्र तालमीतला. इरावतीबाईंनी नेसरीच्या दुकानात फोन केला होता. दुकानदारानं झुंबरबाईंना निम्मंच सांगितलं, "गुरुवारी कोल्हापुरात निरोप समारंभ हाय म्हनं." कुणाचा, ते तो विसरला. झुंबरबाईंनी "बरं" म्हटलं आणि भाकरी उलटली. दुसऱ्या दिवशी अंगणात हाक आली.

"सलाम! संघाचा निरोप हाय! गुरुवारी, चर्चात, दोन वाजता. समद्यांनी या!"

"चिमणा, अगं कुणाचा निरोप म्हनलीस?"

"संघाचा की! दुसऱ्या कुणाचा असतोय?"

"अगं, मंजी..."

"गाडी हाय माजी!" आणि बाई गेल्या.

झुंबरबाईंच्या हातातलं पीठ वाळलं. समारंभ निरोपाचा, आणि निरोप संघाचा. म्हणजे संघाला निरोप. संघ बंद करतायत! त्यांनी सुनेला गडहिंग्लजला पिटाळलं, भाचीला मलकापूरला फोन लावायला सांगितलं. त्या दिवशी फोनही कामाला आले, हे मला मान्य करायला हवं.

गुरुवारी कमिटीनं चहा मोजक्या बायकांचा ठेवला होता. बारालाच नेसरीचा टेंपो दारात उभा राहिला. मग गडहिंग्लजचा. पॅसेंजरनं हातकणंगल्याच्या उतरल्या, एस.टी.नं मलकापूरच्या. वर्षानुवर्षं न दिसलेली तोंडं, लेकी, सुना, कडेवर पोरं. बाकं भरली, खिडक्या भरल्या, पायऱ्या भरल्या. सगळ्या चिडलेल्या. मी पेटी उघडली, पण सूर काढायची छाती झाली नाही. चिमणाबाई दारात उभ्या राहून "आत सरका, आत सरका" करत होत्या. एवढा निरोप लागू पडलेला त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. तोंडावर नुसता उजेड.

झुंबरबाई काठी आपटत व्यासपीठावर चढल्या. तिथं एरवी पाळकसाहेबांशिवाय कोणी चढत नाही.

"कुणाला बंद करायचाय संघ? पुढं या! माज्या सासूनं हितं गुडघं टेकलं, मी टेकलं, माजी सून टेकतीया. निरोप देनाऱ्या तुमी कोन?"

चर्च दणाणलं. इरावतीबाईंचा चेहरा पांढरा. "अहो झुंबरबाई, संघ कुणी बंद करत नाही! निरोप समारंभ चिमणाबाईंचा आहे!"

बायका वळल्या, दाराकडं. हातातली शाल इरावतीबाईंना लपवता येईना.

"माजा?" चिमणाबाईंनी विचारलं. मग हळूहळू त्यांच्या लक्षात येत गेलं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. "मंजी... माज्या निरोपाचं आवतान मीच दारोदार वाटत हिंडलो व्हय?"

पुढच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. चिमणाबाईही हसल्या. मग त्या बसल्या. शेवटच्या बाकावर, पाठ टेकून. दोन्ही चपला पायांतून काढल्या आणि बाकाखाली सारल्या.

मला त्यांचं 'बसलो की मेलोच' आठवलं. बाकीच्यांना वाटलं, थकल्या असतील.

झुंबरबाई काठीवर वाकल्या आणि इरावतीबाईंशी पहिल्यांदाच हळू बोलल्या. "बाई, फोन आला तवा मी भाकरी थापत बसलो. ही वरडली तवा उठलो. एवढंच सांगतो."

इरावतीबाईंनी भरलेलं चर्च पाहिलं. मुळात वाईट बाई नव्हेच. सगळ्यांसमोर डोळे पुसत म्हणाल्या, "मावशी, आमचं चुकलं. हा निरोप मी मागे घेते."

टाळ्या पडल्या. चिमणाबाई उठल्या, अनवाणीच पुढं आल्या आणि शाल घेतली. "न्हाई बाई. दिलेला निरोप माघारी घेत न्हाईत. माजाच कायदा हाय." बाळासो स्कूटर घेऊन आला होता. त्याच्या मागं बसून त्या गेल्या, चपला विसरून. मी त्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पोचवल्या. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "ठेव तितं," म्हणाल्या, आणि भाकरीचं ताट तसंच पुढ्यात.

ते दिवस मला फार वाईट गेले. फाटक वाजलं की मी दचकून बाहेर बघायची. पेटीवर बसले की बोटं चुकायची. बाळासो रस्त्यात भेटला, तर रडकुंडीला आलेला. "आक्का, आई नुसती बसून असतीया. बस, बस म्हनून मीच मागं लागलो हुतो. आता ऊठ, ऊठ म्हनतो, तर ऐकू येत न्हाई तिला." कमिटी दोनदा जाऊन आली, परत कामाला या म्हणून विनवलं. बाई मान हलवत. कायदा म्हणजे कायदा. पुढच्या सभेचे फोन इरावतीबाईंनी स्वतः केले, गावोगाव, दोन-दोनदा. सगळीकडून उत्तर आलं, "बरं."

सभेच्या आदल्या आठवड्यात, सकाळी, मी भांडी घासत होते. अंगणातून आवाज आला, थोडा चिरका.

"सलाम! संघाचा निरोप हाय! गुरुवारी, चर्चात, दोन वाजता!"

मी राखेच्या हातांनी बाहेर धावले. चिमणाबाई उभ्या होत्या. संघानं दिलेली शाल उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेली, खांद्याला पिशवी, दोन्ही पायांत चपला.

"मावशी! अहो, तुम्हाला तर कमिटीनं निरोप दिला ना?"

"दिला की," चिमणाबाई म्हणाल्या. "ह्येच तर बसून बसून इचार केला. निरोप दिला मंजी पोचवायचा असतोय. घरात घिऊन बसायचा असतोय व्हय?"

मी पाणी आणलं. त्यांनी ते उभ्यानंच प्यायलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी तो खाली ठेवेपर्यंत त्या फाटकाबाहेर पडल्या होत्या. मलकापूरची गाडी गाठायची होती.