मसुदा वाचणारा प्लंबर

सदर इसम व्यवसायाने प्लंबर असून परवाना वर्ग दोन, वय एकसष्ट, शिक्षण आठवी, उंची मध्यम. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग. शिस्तभंगाची कारवाई : निरंक. विशेष नैपुण्य : निरंक. परवाना विभागाच्या कार्डावर एवढेच आहे. कार्ड भरणाऱ्या कारकुनाने समोरच्या माणसाकडे मान वर करून पाहिले नव्हते, तरी उंचीची नोंद बरोबर निघाली.

लोक त्यांना अकरा-चार म्हणतात. नियमावलीतले कलम अकरा-चार असे सांगते, की भिंतीत पाईप बुजवायचा असेल तर तो पुन्हा पाहता येईल अशी झडप ठेवावी. बाकीचे प्लंबर पाईप बुजवतात, वर टाइल मारतात आणि गावाला जातात. हे मात्र प्रत्येक घरमालकाशी त्या झडपेवरून हुज्जत घालत. झडप कशाला, असे कुणी विचारले की उत्तर एकच : "अकरा-चार." शेवटी नावच ते पडले. मूळ नाव बायकोला आणि कार्डाला माहीत आहे.

नियमावलीची आवृत्ती चार-पाच वर्षांनी बदलते. पाणी काही बदलत नाही, ते पूर्वीसारखेच उताराकडे जाते. पण नियम करणाऱ्यांनाही बसून राहवत नाही. पाचव्या आवृत्तीत बेसिन दोन सेंटिमीटरने वर गेले आणि सहाव्यात परत खाली आले. मधल्या काळात गावातली माणसे तेवढीच उंच होती. अकरा-चारांनी आयुष्यात एकच पुस्तक विकत घेतले, चौथ्या आवृत्तीचे. पुढचे सगळे बदल त्यांनी कापून त्या त्या कलमावर चिकटवले, तेही फक्त वरच्या कडेने, म्हणजे चिठ्ठी उचलली की खाली जुना नियम दिसतो. पुस्तक आता उशीएवढे झाले आहे आणि मिटत नाही.

"त्या पुस्तकाला कपाटात स्वतंत्र खण," बायको म्हणते, "आणि माझे कपडे खुर्चीवर."

"कपडे दर पाच वर्षांनी बदलत नाहीत," ते म्हणतात.

"कसे बदलतील? आणता का तुम्ही?"

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते परवाना विभागात जाऊन सूचनाफलक वाचतात. फलकाच्या काचेला कुलूप आहे आणि नोटिसा घडी घालून लावलेल्या असतात, त्यामुळे खालचा अर्धा भाग दिसत नाही. अकरा-चार शिपायाला किल्ली आणायला लावतात. शिपाई त्यांना लांबून पाहिले की किल्ली शोधायला लागतो.

सहा वर्षांपासून सून त्यांच्याबरोबर काम करते. उतार त्यांचा, सांधे तिचे, अशी वाटणी आहे. या वर्षी सातवी आवृत्ती लागू झाली आणि आठवड्याभरात तिच्या फोनवर आदेश आला. तिने तो स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून वाचून दाखवला. प्रसूतिगृहाच्या नवीन तिसऱ्या मजल्यावर व्हेंटचा पाईप, म्हणजे सांडपाण्यातली घाण हवा गच्चीवर नेऊन सोडणारा पाईप, पन्नास मिलिमीटरचा असल्याचे मंजूर नकाशावरून दिसते. सातव्या आवृत्तीनुसार तो पंचाहत्तरचा हवा. सबब अकरा बाथरूमच्या भिंती फोडून पंधरा दिवसांत पाईप बदलावा. तोपर्यंत मजला बंद. न बदलल्यास परवाना रद्द.

"भिंतीत पंचाहत्तरचाच आहे," अकरा-चार म्हणाले.

"मला सांगताय? सांधे मीच मारलेत. पण नकाशात पन्नास आहे, बाबा."

"नकाशातल्या बदलाचं पत्र दिलं होतं."

"पोच?"

"कारकून म्हणाला, शिक्का कुलपात आहे."

सुनेने फोन ओट्यावर पालथा ठेवला. चाळीस वर्षांत अकरा-चारांची एकही भिंत कुणी फोडली नव्हती. आता आदेशाप्रमाणे एकदम अकरा फुटायच्या होत्या, आणि त्याही बरोबर असलेल्या.

दुसऱ्या दिवशी दोघे विभागात गेले. पत्र अभिलेख कक्षात होते. त्या कक्षाच्या छताखालून जाणाऱ्या पाईपाचा एक सांधा दोन वर्षे नेमका त्या कपाटावर ठिबकत होता. फाईल उघडली नाही, सोलावी लागली. पत्रातले 'आपला विश्वासू' एवढेच वाचता येत होते.

"हे चालेल का?" सुनेने विचारले.

"विश्वासू आहेत हे सिद्ध होतं," कारकून म्हणाला. "पाईप सिद्ध होत नाही."

अकरा-चार वर पाहत होते. "तुमचा सांधा गळतोय."

"तो विषय आमच्या शाखेकडे येत नाही."

शेवटी विभागाने स्थळपाहणीची तारीख दिली. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर चौघेजण जमले, शिवाय एक मजूर. मजुराच्या खांद्यावर घण होता. निरीक्षक नोकरीला नवा होता, बूट चकचकीत होते. मेट्रनबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"भिंती फुटल्या की दोन महिने धूळ," त्या म्हणाल्या. "खाली माझ्या बाळंतिणी व्हरांड्यात झोपल्यात. एका खाटेवर दोन-दोन. हे तुमच्या नियमात बसतं का?"

"तो विषय—" निरीक्षक म्हणाला.

"आमच्याकडे येत नाही," सुनेने वाक्य पुरे केले.

निरीक्षक अकरा-चारांकडे वळला. "काका, नकाशात पन्नास आहे. मी नकाशा बघू की तुमचं तोंड?"

"भिंत बघा."

"मग फोडावीच लागेल."

अकरा-चारांनी नुसता हात पुढे केला. सुनेने पिशवीतून संडास तुंबल्यावर वापरतात तो लाकडी दांड्याचा रबरी पंप काढून त्यांच्या हातात दिला.

"तुंबलंय का काही?" मेट्रनबाईंनी घाबरून विचारले.

अकरा-चारांनी पंपाचे रबर भिंतीवरच्या एका टाइलला दाबले आणि ओढले. टाइल पंपाला चिकटून सबंध बाहेर आली. मागे चार लोहचुंबक होते. दोन वर्षांपूर्वी याच झडपांवरून मेट्रनबाई त्यांच्याशी तीन दिवस भांडल्या होत्या. भिंतीला खिडक्या कसल्या, हे प्रसूतिगृह आहे की कबुतरखाना, असे त्यांनी विचारले होते. तेव्हा अकरा-चारांनी झडपा टाइलखाली लपवायचे कबूल केले, पण एकही कमी केली नाही. बाई पुढे त्या विसरूनही गेल्या होत्या.

निरीक्षकाने आत टॉर्च मारला. पाईपावर छापलेला पंचाहत्तरचा आकडा नेमका समोर होता. छापील बाजू बाहेर ठेवायची हा सुनेचा नियम, तो कुठल्याही आवृत्तीत नाही. बाजूच्या सिमेंटवर पेन्सिलीने तारीख होती आणि खाली लिहिले होते : पन्नास चालतो. पंचाहत्तर लावला. मसुदा वाचला.

निरीक्षकाने तरीही टेप लावून पाहिली. पाईपाने आकडा बदलला नाही.

"पण तेव्हा पन्नास चालत होता. मग जास्तीचा का घातलात?"

"सातव्या आवृत्तीचा मसुदा फलकावर लागला होता. हरकती आणि सूचनांसाठी."

"मसुदा कोण वाचतं?"

"मी वाचला. त्यात पासष्टचा पाईप लिहिला होता. पासष्टचा बाजारात मिळत नाही. म्हणून सूचनेचं वेगळं पत्र पाठवलं, की पंचाहत्तर करा."

निरीक्षकाने बॅगेतून सातवी आवृत्ती काढली. कोरी होती, पाने एकमेकांना चिकटलेली. त्या कलमाखाली बारीक अक्षरात छापले होते : मसुद्यावर प्राप्त सूचना, एक. स्वीकृत.

तो ती ओळ बराच वेळ वाचत राहिला. ओळ तशी लहान होती.

"म्हणजे हा नियम तुमचा आहे," तो म्हणाला.

"नियम विभागाचा. मी नुसता बाजारात जाऊन आलो होतो."

"आणि त्यांनी तुमच्याच नियमाखाली तुम्हाला नोटीस काढली," सून म्हणाली. तिला हसू आवरेना, म्हणून ती पिशवीत काहीतरी शोधू लागली.

"थांबलात का?" मेट्रनबाई म्हणाल्या. "सगळ्या उघडा. मला अकराच्या अकरा बघायच्यात."

मग मिरवणूक निघाली. पुढे पंप, मागे टॉर्च, त्यामागे मेट्रनबाई आणि खालून आवाज ऐकून आलेल्या दोन नर्सेस. प्रत्येक भिंतीत पंचाहत्तर आणि प्रत्येक भिंतीवर पेन्सिल. सातव्या बाथरूममध्ये निरीक्षक हळूच म्हणाला, "काका, मी ओढू का?" शेवटच्या चार टाइला त्याने स्वतः काढल्या आणि प्रत्येक वेळी टाइल निघाली की मागे वळून पाहिले. मजुराने घण जिन्यात टेकवला होता. अकरावी टाइल पाहायला तोही आला.

सोमवारी तिसरा मजला उघडला. व्हरांड्यातल्या खाटा वर गेल्या. मेट्रनबाईंनी एक रबरी पंप स्वतःच्या कपाटात ठेवून घेतला आहे आणि येणाऱ्या पाहुण्यांना त्या भिंत उघडून दाखवतात.

विभागाने रीतसर अहवाल केला. स्थळपाहणी समाधानकारक. आदेश मागे. परवान्याचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण. विशेष नैपुण्य : निरंक. त्याच महिन्यात आणखी एक नोंद झाली, ती अशी : अभिलेख कक्षातील गळती आपोआप थांबल्याचे निदर्शनास आले आहे.

गळणारा तुकडा पाऊण इंची होता. तो अकरा-चार आणि त्यांच्या सुनेने मंगळवारी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान बदलला.