तेराव्यानंतर येणाऱ्या बाई

बोरसेबाईंशी माझी ओळख झाली ती रुसव्यातून. सुरतेतल्या कतारगामच्या आमच्या मराठी शाळेत मी नवीन शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच सहामाहीत माझे वडील गेले. शाळेतले सगळे येऊन गेले. हेडमास्तर आले, शिपाई आला, ज्यांची नावंही मला धड ठाऊक नव्हती अशा पालकांनी पिठलं-भाकरीचे डबे पोचवले. आल्या नाहीत त्या एकट्या बोरसेबाई. त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून, रोजचं येणंजाणं, तरी नाही. मी मनातल्या मनात त्यांच्या नावावर फुली मारली.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी सकाळी त्या दारात उभ्या. हातात गवारीची पिशवी. "आई कुठंय तुझी?" एवढंच विचारलं आणि आईशेजारी जमिनीवर बसून गवारीच्या शिरा काढायला लागल्या. निम्म्या शेंगा झाल्यावर म्हणाल्या, "त्यांना जेवायला काय आवडायचं हो?" तोवर आईला हे कोणी विचारलं नव्हतं. जो तो कसे गेले, कधी गेले हेच विचारून गेला होता. आई बोलत राहिली, रडली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. निघताना चपला घालता घालता बाई मला म्हणाल्या, "तेराव्यापर्यंत गर्दी असते गं. मी नंतर येते."

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजार डबे पुरवतो, ही आपली चांगली रीत आहे. पण तेराव्याला गोडाचं जेवण झालं की मंडळी पांगतात आणि घर एकदम रिकामं होतं. बाईंना ते घर माहीत होतं. त्यांची पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन तापात गेली. "तेराव्यानंतर आमचं दार वाजलंच नाही," असं त्या मला एकदा म्हणाल्या. पुन्हा त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्याशिवाय बाईंनी भूकंपाच्या मदतीचं जे केलं ते कळायचं नाही. आपल्या मराठी मंडळातल्या कित्येकांना ते अजूनही कळलेलं नाही, हे बाईंच्या साठीच्या या गौरवग्रंथात लिहायला मी कचरत नाही.

त्र्याण्णव साली मराठवाड्यात भूकंप झाला आणि सुरतेतला मराठी माणूस हलला. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या आपल्या खानदेशी भावांनी एक दिवसाची रोजी दिली. जवळच्या चलथाणला ऊस तोडायला आलेल्या टोळ्यांनीही दिली. मंडळाने ही पैशांची मदत बाईंच्या हवाली केली. त्यातून आधी काय पाठवायचं? सुरत म्हटल्यावर दुसरं काय सुचणार! बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मोठ्या मनाने साड्यांचे गठ्ठे दिले, ट्रक भरला आणि बाई स्वतः ट्रकबरोबर गेल्या.

तिथे पत्र्याच्या शेडसमोर वाटप सुरू झालं. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी साडी हातात घेतली, उलगडली, दोन्ही हात पसरून मापली आणि पुन्हा नीट घडी घालून परत दिली. "आखूड हाय," म्हणाल्या. त्या पार्वतीबाई. त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या जवळपास सगळ्या वयस्कर बायका नऊवारी लुगडं नेसणाऱ्या होत्या आणि आमचा ट्रक भरून पाचवारी छापील साड्या गेल्या होत्या. परत आल्यावर बाईंनी मंडळाच्या सभेत उभं राहून हे जसंच्या तसं सांगितलं. "माझी आई जन्मभर लुगडं नेसली," त्या म्हणाल्या, "आणि मला आठवलं नाही. मी सुरतेला शोभेल ते दिलं. त्यांना काय लागतं ते विचारलं नाही."

उरलेली सगळी मदत मग बाईंनी हातची सोडली नाही. मंडळाला घाई होती. कोणाला ती मोठ्या साहेबांच्या हातात देऊन फोटो काढायचा होता, कोणाला 'सुरतवासीयांकडून' अशी पाटी असलेली कमान हवी होती. घरं बांधणाऱ्या दोन मोठ्या संस्थांची माणसं येऊन गेली. बाई प्रत्येकाला चहा द्यायच्या आणि एकच विचारायच्या, "तेराव्यानंतर तुमची माणसं तिथं असतील का? म्हणजे सगळे निघून गेल्यावर?" माणसं हसायची, आराखडे पुढे करायची. त्यात काही खोटं नव्हतं. घरं हवीच होती. पण घरं देणारे पुष्कळ होते आणि घर बांधून झालं की तेही जाणार होते.

मधल्या काळात बाई पार्वतीबाईंकडे पुन्हा गेल्या. या खेपेला रिकाम्या हाताने. शेडमध्ये पार्वतीबाईंची लेक सुनंदा खाटेवर पडलेली होती. भिंत अंगावर पडून तिचा मणका मोडला होता आणि कंबरेखाली काही कळत नव्हतं. वय विशीच्या आतबाहेर. पार्वतीबाई म्हणाल्या, "समदे घराचं इचारत्यात. हिच्या कंबरंचं कुणीच इचारंना."

अशा मोडलेल्या मणक्यांच्या माणसांसाठी जवळच एक डॉक्टर जोडपं पत्र्याच्या खोलीत व्यायाम करून घ्यायचं. बाईंनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. त्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता नका देऊ. आत्ता सगळे देताहेत. दोन वर्षांनी आमच्याकडे कोणी फिरकणार नाही, तेव्हा द्या." बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं. ही मदत या खोलीला द्यायची आणि थोडी थोडी करून, वर्षानुवर्षं द्यायची.

सुरतेत त्यावरून गहजब झाला. दान एकदा देऊन मोकळं व्हायचं असतं, ते थांबून थांबून कसलं द्यायचं? मंडळाच्या सभेत एक सद्गृहस्थ म्हणाले की बाई पैशांवर बसल्या आहेत. ते आज हयात आहेत, हा ग्रंथही वाचतील, म्हणून नाव लिहीत नाही. बाईंचे यजमान आप्पा लूमवर माग दुरुस्त करणारे जॉबर होते. चहाच्या टपरीवर त्यांना कामावरचेच लोक विचारायचे, "काय आप्पा, भूकंपना पैसास्नं घर बांधी राहिनात का?" भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला हे! त्या दिवशी बाई शाळेत रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. ज्यांची रोजी हातात होती त्यांचाच विश्वास गेला तर पुढे काय, हे दुःख होतं. आप्पांनी घरी एवढंच म्हटलं, "लोके बोलतीन. बोलू दे. तू आपलं काम कर." दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर वर्गात.

दोन वर्षांनी खरोखरच त्या पत्र्याच्या खोलीकडे कोणी फिरकेना. सुरतेतून मात्र दर काही महिन्यांनी मदत जात राहिली आणि तिच्याबरोबर सुट्टी काढून बाईही. अशाच एका खेपेहून परतल्यावर त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सुनंदा आपली आपण उठून बसली." आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी पेढे खाल्ले. ज्यांनी कुजबुज केली होती त्यांनीही खाल्ले, आणि बाईंनीच त्यांना सगळ्यांत आधी दिले.

हे इथेच थांबलं असतं तर मी हा लेख हसतखेळत संपवला असता. सुनंदा दोन वर्षं बसली. खिडकीशी खाट लावून घेतली, बसून ब्लाउज शिवायला शिकली. मग पाठीवर जखमा झाल्या, त्या चिघळल्या आणि ती गेली. बाई ते कळल्यावर लगेच गेल्या नाहीत, आपल्या रीतीप्रमाणे उशिरा गेल्या. परत आल्यावर मी न राहवून विचारलं, "बाई, आपण दुसरीकडे दिलं असतं तर?" "ती खिडकीतून बघायची गं," म्हणाल्या. "दोन वर्षं बघितलं तिनं."

आणि मग गेल्या वर्षीचा तापीचा पूर. बाईंच्या दोन्ही खोल्या छतापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर आप्पा दिवस दिवस गाळ उपसत राहिले, त्यातच ताप आला आणि आठवडाभरात ते गेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रांगा लावणाऱ्या बाई खिचडीच्या रांगेत उभ्या असलेल्या मी पाहिल्या. एका ट्रकमधून त्यांच्या अंगावर साडी येऊन पडली, ती त्यांनी उचलून शेजारणीला दिली. आम्ही सगळे जात होतो, डबे नेत होतो. तेरावं झालं. मग शाळा सुरू झाली, परीक्षा आल्या, प्रत्येकाच्या घरचा गाळ होताच. लिहायला जड जातं, पण आमचंही जाणं कमी झालं.

दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी मी गेले, तर दारात अनोळखी चपला. आत बाईंसमोर एक म्हाताऱ्या बाई बसलेल्या. पार्वतीबाई. एकट्या, गाड्या बदलत, विचारत विचारत सुरतेपर्यंत आल्या होत्या. अंगावर नऊवारी होती, पण अशी नऊवारी मी कधी पाहिली नव्हती. अर्धी गुलाबी फुलांची, अर्धी निळ्या वेलबुट्टीची. ट्रकमधून गेल्या होत्या तसल्याच दोन आखूड साड्या जोडून केलेली. जोड गुडघ्यापाशी आला होता आणि शिलाई बारीक, एकसारखी होती. "सुनंदानं शिवली," त्या मला म्हणाल्या.

बाईंनी त्यांना विचारलं, एवढ्या लांब कशाला आलात? पार्वतीबाई म्हणाल्या, "तुमी समदे गेल्यावर आला होता, बाई. म्हून मी बी समदे गेल्यावर आले." नंतर त्यांनी बाईंना विचारलं की आप्पांना जेवायला काय आवडायचं. बाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. मी चहा ठेवायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाही.

आता बाई साठी पूर्ण करत आहेत. सभागृह ठरलं आहे, शाल-श्रीफळ होईल, भाषणं होतील, माणसं मावणार नाहीत एवढी येतील. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मात्र आप्पांवाचून राहील, आणि ते दिसल्याशिवाय कोणाला राहणार नाही. बाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि डोळे त्यांना शेवटपर्यंत साथ देवोत, असं मी इतरांसारखंच मनापासून मागते.

पण बाई, सत्काराच्या दिवशी माझी वाट पाहू नका. मी गर्दीत मागे कुठेतरी असेन. हार सुकले, पाहुणे आपापल्या गावी गेले, की त्यानंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी मी येईन. गवार मी आणते.